कुलूप शाबूत, नकूचा उखडलेला

गेल्या वर्षी गौरी-गणपतीला आई पाच दिवस आमच्याकडे बडोद्याला आली होती. पादऱ्याचं घर बंद होतं. मी निश्चिंत होतो, कारण दारावर मीच बसवलेला वायफाय कॅमेरा होता आणि दाराला सात लिव्हरचं, दुकानातलं सगळ्यात महाग कुलूप होतं. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकींचा फोन आला, "दीकरा, बारणुं खुल्लुं छे. मम्मी आवी गयां के?"

पंधरा-सोळा किलोमीटरचं अंतर कसं कापलं ते आठवत नाही. पोहोचलो तेव्हा कुलूप तसंच बंद होतं, त्यावर एक ओरखडाही नव्हता. नकूचा मात्र चौकटीतून उपटून निघाला होता आणि कडी, कुलूप, नकूचा एकमेकांना धरून दाराला लोंबकळत होते. मराठीत याला कोयंडा म्हणतात, पण पादऱ्यात राहून आमच्या तोंडी नकूचाच बसलाय. इथल्या गुजराती वर्तमानपत्रांतल्या घरफोडीच्या बातम्या वाचा. 'नकूचो तोडी' हे शब्द पुन्हा पुन्हा दिसतात. लहानपणापासून वाचत आलो, पण त्याचा अर्थ त्या दिवशी कळला.

कॅमेऱ्याने आपलं काम चोख केलं होतं. रात्री पावणेतीन वाजता तोंडाला रुमाल बांधलेले दोघे आले, नकूच्यात कटावणी घातली आणि अडतीस सेकंदांत आत गेले. फोनवर सूचनाही आली होती. पण मांजर गेलं, वटवाघूळ उडालं, रस्त्यावरून दुचाकी गेली की फोन वाजतो म्हणून मी सूचनांचा आवाजच बंद केला होता. कॅमेऱ्याने चोरी पाहिली, थांबवली नाही.

थोडी रोकड गेली, चांदीच्या दोन वाट्या गेल्या आणि आजीचं चांदीचं पंचपाळं गेलं. गौरींचे मुखवटे आमच्याबरोबर बडोद्याला होते म्हणून वाचले. पण खरं नुकसान नंतर दिसू लागलं. आई पुढच्या खोलीत दिवा लावून झोपू लागली. रात्री तीन-तीनदा उठून कडी तपासायची. पुण्याहून भाऊ म्हणाला, "घर विकून टाकू." आई म्हणाली, "घर नका विकू. मला फक्त झोप लागू दे."

मोरीला बोळा, दरवाजा मोकळा

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. एखादी यंत्रणा तिच्या सर्वांत कच्च्या जागेइतकीच पक्की असते, हे ऑफिसात आम्ही रोज बोलतो. घरी मात्र मी 'मोरीला बोळा अन् दरवाजा मोकळा' असाच कारभार केला होता. हजारभर रुपयांचं कुलूप आणि त्याला धरणारे चार पाऊण इंची स्क्रू.

१८५१ साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी अल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कुलूपतज्ज्ञाने ब्रामा कंपनीचं 'उघडून दाखवा' म्हणून दुकानात मांडलेलं कुलूप उघडलं. त्याला सोळा दिवसांत मिळून ५१ तास लागले. आमच्याकडे आलेल्यांना अडतीस सेकंद पुरले, कारण त्यांनी कुलपाला हातच लावला नाही. चोराला घाई असते आणि आवाज नको असतो. आपल्याला एवढंच करायचं आहे, की त्याला वेळ लागावा आणि आवाज व्हावा.

आम्ही काय केलं

*नकूचा.* सुताराकडून जाड नकूचा बसवून घेतला. स्क्रूऐवजी आरपार बोल्ट घातले. बाहेरच्या बाजूला गुळगुळीत गोल डोकं, आत लोखंडी पट्टी आणि त्यावर नट. बिजागऱ्यांचे छोटे स्क्रू काढून तीन इंची घातले. मजुरीसकट खर्च ९०० रुपये. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महत्त्वाचं काम हेच.

*इंटरलॉक.* बाहेर लटकणारं कुलूप म्हणजे 'घरात कोणी नाही' अशी पाटीच. दाराच्या आत बसणारं आणि बाहेरून किल्लीने लागणारं इंटरलॉक लावलं की घर बंद आहे की माणूस आत आहे ते चटकन कळत नाही. नुसत्या स्प्रिंगवर लागणारं घेऊ नका. किल्ली फिरवल्यावर ज्याचा दांडा बाहेर येऊन घट्ट बसतो, ते घ्या. १,८०० रुपये.

*न्हाणीघराची खिडकी.* काचेच्या आडव्या पट्ट्या बाहेरून एकेक करून निघतात. मी स्वतः वाड्यात उभा राहून दोन मिनिटांत तीन पट्ट्या काढून पाहिल्या. तिथे जाळी बसवली, १,१०० रुपये. मात्र घरातली एक तरी जाळी आतून उघडणारी ठेवा आणि तिची किल्ली जवळच असू द्या. आग लागली तर चोरासाठी बांधलेला पिंजरा आपल्यालाच अडवेल.

*दिवा आणि भोंगा.* हालचाल झाली की लागणारे दोन एलईडी दिवे, ७०० रुपये. पुढच्या आणि मागच्या दाराला चुंबकाचे भोंगे, ६०० रुपये. यात एक तुकडा दारावर, दुसरा चौकटीवर. दोन्ही एकमेकांपासून दूर गेले की भोंगा वाजतो. त्याला इंटरनेट लागत नाही, सेल मात्र दर सहा महिन्यांनी बदला.

*कॅमेरा.* जुनाच ठेवला, पण फक्त ओटल्यावरची हालचाल टिपेल असं क्षेत्र आखून दिलं. आता रात्री क्वचितच सूचना येते, म्हणून ती आली की मी उठतो. आमचा मीटर आणि मुख्य स्विच बाहेर ओट्यावरच आहे. वीज बंद केली की राउटर बंद आणि कॅमेऱ्याचा संपर्कही तुटणार. म्हणून राउटरला छोटा यूपीएस लावला, १,३०० रुपये. कॅमेऱ्याला स्वतःची बॅटरी नसेल तर तोही त्याच यूपीएसवर घ्या.

आणि पासवर्ड बदला. २०२५च्या फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूतिगृहातल्या कॅमेऱ्यांची चित्रणं इंटरनेटवर विकली जात असल्याचं उघडकीला आलं. तिथे ओळखायला अगदी सोपा, सुरुवातीचाच पासवर्ड कायम होता. चोरासाठी लावलेला डोळा जगाला उघडा पडू शकतो. म्हणून झोपायच्या खोलीत कॅमेरा नकोच.

एकूण खर्च ६,४०० रुपये. एकदम जमत नसेल तर नकूचापासून सुरुवात करा.

कागदपत्रांचं

तक्रार लिहिताना पोलिसांनी विचारलं, "पंचपाळं कसं होतं?" मी हातवारे करून सांगू लागलो. शेवटी आईच्या लग्नाच्या अल्बममध्ये एका कोपऱ्यात ते सापडलं. तेव्हा आजच दागिने, भांडी, लॅपटॉप यांचे फोटो काढा. वजन आणि बिलं त्यांच्यासोबत ठेवा. चोरी झालीच तर पोलीस येईपर्यंत कशालाही हात लावू नका. आधी ११२ ला फोन करा. एफआयआरची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते, ती मागून घ्या.

विम्याबाबत एक गैरसमज आहे. २०२१पासून मिळणारी 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी मुख्यतः आग, पूर, भूकंप अशा संकटांसाठी आहे. त्यात चोरीची भरपाई फक्त अशा संकटामुळे, त्यानंतरच्या सात दिवसांत झालेल्या चोरीसाठी मिळते. साध्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. बँकेच्या लॉकरमधून चोरी झाली तर रिझर्व्ह बँकेच्या २०२२च्या जानेवारीपासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत असते. म्हणजे लॉकर घरापेक्षा सुरक्षित खरा, पण सगळं सोनं भरून मिळेल असं समजू नये.

सगळ्यात स्वस्त उपाय

काकींनी फोन केला म्हणून आम्हाला त्या सकाळी कळलं. नाहीतर घर आणखी दोन दिवस उघडंच राहिलं असतं. आता आई बाहेरगावी जाते तेव्हा काकी दारातलं वर्तमानपत्र उचलतात, संध्याकाळी ओट्यावरचा दिवा लावतात. त्या मुलीकडे नडियादला गेल्या की हेच आई त्यांच्यासाठी करते. भोंगा वाजला तर कोणी कोणाला फोन करायचा हे ठरलंय आणि गल्लीतल्या चार घरांचे नंबर दाराच्या आत चिकटवलेत. आम्हा तरुणांसाठी एकच पथ्य आहे. प्रवासाचे फोटो घरी परतल्यावर टाका. 'गोव्यात पाच दिवस' हे स्टेटस लटकत्या कुलपापेक्षा लांबून दिसतं.

आपल्यापैकी अनेकांचे आईवडील पादरा, डभोई किंवा बडोद्याच्या जुन्या वाड्यांत एकटे राहतात. आपण त्यांना फोन घेऊन देतो, कॅमेरा लावून देतो आणि काम झालं असं समजतो. येत्या दिवाळीला घरी जाल तेव्हा फराळाआधी दहा मिनिटं काढा. दाराशी उभे राहा आणि चोराच्या नजरेने बघा. हाताने नकूचा हलवून बघा.

आमचं पंचपाळं अजून मिळालेलं नाही. आई हळदकुंकू स्टीलच्या वाट्यांत काढते. पण परवा बोलता बोलता म्हणाली, "अरे, हल्ली दिवा मालवूनच झोपते मी."