राघू कधी आत जातो?

सासवडच्या पुढे एक ओढा आहे. पावसाळा सोडला तर कोरडाच. एका वळणावर पाण्याने काठ कापून पुरुषभर उंचीची मातीची दरड झाली आहे आणि एप्रिलमध्ये त्या दरडीत वेड्या राघूंची बिळं असतात. वेडा राघू म्हणजे विजेच्या तारेवर बसणारा तो चिमणीएवढा हिरवा पक्षी, ज्याच्या शेपटीतून दोन बारीक काड्या बाहेर आलेल्या दिसतात. तारेवरून झेपावायचं, हवेतच माशी पकडायची, पुन्हा त्याच जागी येऊन बसायचं, असं त्याचं दिवसभर चालतं. या येरझाऱ्यांमुळेच लोकांनी त्याला वेडा ठरवलं असावं.

काही वर्षांपूर्वी त्या दरडीसमोर मी वही आणि दुर्बीण घेऊन पस्तीस मिनिटं बसलो होतो. चोचीत चतुर धरून एक राघू समोरच्या बाभळीवर बसला होता. चतुराचे पंख उन्हात लखलखत होते. राघू शेपूट खालीवर करायचा, मान तिरकी करून माझ्याकडे बघायचा. एकदा बिळाच्या तोंडापर्यंत जाऊन तो परत फिरला. शेवटी पिल्लांसाठी आणलेला चतुर त्याने स्वतःच गिळून टाकला. तेवढ्यात शेळ्या घेऊन एक म्हातारबाबा आले आणि माझ्यापेक्षाही जवळ, दरडीकडे पाठ करून तंबाखू मळत बसले. मी उठून शेळ्यांच्या मागे गेलो. दोन मिनिटांत राघू नवी शिकार घेऊन आला आणि सरळ बिळात शिरला. मी बाबांना म्हटलं, "बाबा, तुम्हाला घाबरत नाही तो." ते म्हणाले, "पाव्हणं, तुमी त्याच्या दाराकडं बगत बसलाय. आपन कुठं बगतोय?"

बाबांना ठाऊक नव्हतं, पण नेमक्या याच प्रश्नावर पुण्यात प्रयोग झाले होते. आबासाहेब गरवारे महाविद्यालयात शिकवणारे मिलिंद वाटवे आणि त्यांचे विद्यार्थी वेड्या राघूंच्या बिळांसमोर उभे राहून वेळ मोजत होते. त्यांचं पहिलं टिपण १९९९मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आलं, सविस्तर निबंध २००२मध्ये 'ॲनिमल कॉग्निशन'मध्ये. मांडणी इतकी साधी की खर्च जवळजवळ शून्य. एक माणूस अशा जागी उभा राहतो जिथून त्याला बिळाचं तोंड दिसतं. मग तोच माणूस साधारण तेवढ्याच अंतरावर, पण बिळ आणि तो यांच्यामध्ये आडोसा येईल अशा जागी उभा राहतो. राघूला माणूस दोन्ही वेळा दिसतो. फरक एवढाच की एका जागेवरून माणसाला बिळ दिसतं आणि दुसरीवरून दिसत नाही. माणसाला बिळ दिसत नसेल तेव्हा राघू जास्त वेळा आत गेले. नुसतं अंतर हे त्याचं कारण नव्हतं. पक्ष्या-पक्ष्यांत फरक बराच होता, काही धीट तर काही भित्रे. पण एकूण कल स्पष्ट होता. समोरच्याच्या जागेवरून काय दिसत असेल याचा हिशेब हा पक्षी कुठल्यातरी पातळीवर करतो, असा त्याचा अर्थ निघतो. त्या काळी असा हिशेब वानरकुळाबाहेर मान्य करायला बरेच शास्त्रज्ञ नाखूष होते.

'कुठल्यातरी पातळीवर' हे शब्द मी मुद्दाम घातले. राघू 'विचार करतो' असं म्हणायला माझी हरकत नाही, पण बाभळीवरच्या त्या पक्ष्याचं आधी काय काय झालं होतं ते मला माहीत नाही. मागच्या वर्षी कुणा पोराने त्याचं बिळ उकरलं असेल, नसेलही. रानात पाहणाऱ्याची मोठी अडचण हीच. समोरच्या प्राण्याचं आज दिसतं, पण त्याचा काल कुणी लिहून ठेवलेला नसतो.

पिंजऱ्यात तो लिहिता येतो. केंब्रिजमध्ये निकोला क्लेटन आणि नेथन एमरी स्क्रब जे नावाच्या, कावळ्याच्या कुळातल्या निळसर पक्ष्यांवर काम करत होते. हे पक्षी खाणं लपवून ठेवतात आणि एकमेकांचं लपवलेलं चोरतात. प्रयोगात पक्ष्याने अळ्या लपवताना एकदा दुसरा पक्षी बघत होता, एकदा नव्हता. नंतर एकांत मिळाला की ज्याला कुणी बघितलं होतं तो पक्षी खाणं काढून नव्या जागी लपवायचा. पण सगळेच असं करत नव्हते. ज्यांनी पूर्वी स्वतः चोरी केली होती, तेच जागा बदलत होते. हा निबंध २००१मध्ये 'नेचर'मध्ये आला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते इथे मोजून दाखवलं होतं. रानात हे जमलं नसतं, कारण कुठल्या पक्ष्याने कधी चोरी केली याचा दाखला रानात कोण देणार?

म्हणून पिंजऱ्यातला अभ्यास खोटा आणि रानातला खरा, अशी वाटणी मला पटत नाही. पण पिंजऱ्याने एकदा केवढा घोटाळा केला तेही सांगायला हवं.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १९२५मध्ये खडकांची एक मोकळी टेकडी तयार केली, मंकी हिल. तिच्यावर सुमारे शंभर हॅमाड्रायस बबून सोडले. प्राचीन इजिप्तमध्ये देवाच्या पंक्तीला बसलेला, रुपेरी आयाळीचा हा प्राणी. आणायचे होते फक्त नर. चुकून थोड्या माद्याही आल्या. मारामाऱ्या सुरू झाल्या, प्राणी मरू लागले. १९२७मध्ये आणखी तीस माद्या सोडल्या. महिन्याभरात त्यातल्या निम्म्या मेल्या. कारण एकच, नरांनी त्यांच्यासाठी केलेली ओढाताण. मेलेल्या मादीचं प्रेतही नर सोडत नव्हते. सॉली झुकरमन या तरुण शरीरशास्त्रज्ञाने हे सगळं नोंदवलं आणि १९३२मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. माकडांचा समाज मुळात कामसंबंधाच्या धाग्यावर उभा आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढे बराच काळ माकडांबद्दल बोलताना लोकांच्या डोळ्यांसमोर हीच टेकडी असायची.

झुकरमनच्या नोंदी चुकीच्या नव्हत्या. त्याने जे पाहिलं ते झालंच होतं. पण ज्यांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं अशा शंभर अनोळखी जिवांना एका कुंपणात कोंडून नर-मादीचं प्रमाण उलटंपालटं केल्यावर जे घडलं, त्याला त्याने बबूनांचा समाज म्हटलं. लोकलच्या डब्यात चेंगराचेंगरी बघून मराठी माणसाच्या कुटुंबपद्धतीवर प्रबंध लिहावा, तसलाच प्रकार.

याच जातीचा माग पुढे स्वित्झर्लंडच्या हान्स कुमरने काढला. सुरुवात त्यानेही पिंजऱ्यातच केली, झ्यूरिकच्या प्राणिसंग्रहालयात. मग १९६०मध्ये तो फ्रेड कुर्टबरोबर इथिओपियात गेला. संध्याकाळी उभ्या कड्यावर शेकडो बबून झोपायला जमतात; सकाळी उतरले की पांगतात, आणि मग दिसतं की प्रत्येक नराबरोबर त्याच्या थोड्या माद्या आणि पिल्लं आहेत. मादी मागे रेंगाळली की नर तिच्या मानेला चावतो आणि ती धावत मागोमाग येते. हे दांडगेपण आहेच. पण शेजारचा नर ती मादी पळवत नाही. शेकडो जण एका कड्यावर आणि तरी दररोज मंकी हिल होत नाही, ते का?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला कुमर पुन्हा पिंजऱ्याकडे वळला, आणि मला या सगळ्या प्रकरणात हेच सगळ्यात आवडतं. एकाच कळपातले दोन नर पकडले. एकाला मादीबरोबर ठेवलं. दुसऱ्याला शेजारच्या पिंजऱ्यातून पंधरा मिनिटं नुसतं बघू दिलं. मग त्याला आत सोडलं. तो भांडला नाही. पाठ फिरवून बसला, अंग खाजवलं, जमिनीवरचे खडे चाळवले, आकाशाकडे, लांबच्या डोंगराकडे बघत राहिला. लग्नात नको असलेला माणूस भेटल्यावर आपण मांडवाची झालर न्याहाळतो, तसा. मग दुसरी मादी आणून दोघांच्या भूमिका बदलल्या, तर आधीचा दांडगोबा आता खडे चाळत बसला. म्हणजे हा दोघांच्या ताकदीतला फरक नव्हता. एकमेकांना ओळखणाऱ्या नरांमधला तो संकोच होता, आणि ओळखच नसलेल्या लंडनच्या टेकडीवर तो असण्याचा प्रश्नच नव्हता.

रानातही सगळं सरळ नसतं. आपल्याकडच्या काळ्या तोंडाच्या वानरांचंच बघा. फिलिस जे या अमेरिकन अभ्यासिकेने १९५८ ते ६०च्या दरम्यान उत्तर आणि मध्य भारतात त्यांचा अभ्यास केला, तेव्हा तिला ती शांत, सलोख्याने राहणारी दिसली. लगेच दोन-तीन वर्षांत युकिमारू सुगियामा धारवाडला आला. तिथल्या टोळ्यांत बहुधा एकच हुप्प्या असायचा. १९६२मध्ये बाहेरच्या नरांनी टोळीवर हल्ला करून हुप्प्याला हाकललं, नव्या नराने ठाण मांडलं आणि टोळीतली अंगावर पिणारी पिल्लं चावून मारली. पुढे सुगियामाने एका टोळीतला हुप्प्या स्वतःच काढून नेऊन बघितलं. तिथेही पिल्लं मारली गेली.

गर्दीमुळे डोकं फिरलेली विकृती, असं बरेच जण म्हणाले. सारा हर्डी १९७१मध्ये अबूच्या डोंगरावर आली तीही हाच समज घेऊन. काही वर्षांच्या कामानंतर तिचं मत बदललं. अंगावर पिणारं पिल्लू असेपर्यंत मादी माजावर येत नाही. पिल्लू गेलं की लवकर येते आणि नव्या नराला स्वतःची संतती मिळते. यात गर्दीच्या वेडेपणापेक्षा नराचा फायदा दिसत होता. वाद वर्षानुवर्षं चालला. नेपाळमधल्या रामनगरला जमवलेल्या शेणाच्या नमुन्यांतून डीएनए काढून १९९९मध्ये दाखवलं गेलं की पिल्लांवर हल्ला करणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते. इतक्या थोर वादाचा निकाल शेवटी शेणाने लावला, हे मला फार समाधानाचं वाटतं.

मग फिलिस जे चुकली? नाही. तिच्या टोळ्यांत त्या काळात सत्तापालट तिला दिसला नाही, एवढंच. वानराच्या आयुष्यात असे दिवस क्वचित येतात, आणि अभ्यासक वर्ष-दीड वर्ष असतो.

शिवाय डोळा पक्षपाती असतो. टोळीत दोघे भांडत असतील तर आपण तिकडे बघतो. सावलीत बसून उवा काढणारी म्हातारी मादी आपल्या वहीत येतच नाही. पूर्व आफ्रिकेत बबूनांमागे फिरणाऱ्या जीन ऑल्टमन यांनी १९७४मध्ये 'बिहेवियर'मध्ये एक निबंध लिहिला, ज्यात एकही रोमांचक प्रसंग नाही. त्यांचं म्हणणं असं की आधी यादी करा, चिठ्ठी काढावी तसा एक प्राणी निवडा, ठरलेली मिनिटं फक्त त्याच्यावर नजर ठेवा आणि तो काय करतो ते सगळं लिहा, काहीच करत नसेल तर तेही लिहा. मग पुढचा प्राणी. शेजारी महायुद्ध पेटलं तरी मान वळवायची नाही. वाचायला हा निबंध रुक्ष आहे, पण आज रानात वही घेऊन बसणारा जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी त्याच्याच शिस्तीत वाढतो. मी स्वतः प्रयत्न केला आहे. दहा मिनिटं एकाच वानराकडे बघणं, तेही ते झोपलेलं असताना, हे सांगायला सोपं आहे.

गेल्या एप्रिलमध्ये मी पुन्हा त्या ओढ्यावर गेलो. म्हातारबाबा दिसले नाहीत. दरडीकडे पाठ करून, त्यांच्यासारखाच उकिडवा बसलो आणि दाढीचा छोटा आरसा हातात धरून त्यातून मागचं बिळ बघत राहिलो. सातव्या मिनिटाला राघू आत गेला. एक पक्षी, एक दुपार, आणि आरसा हलत होता. वहीत तेवढंच लिहिलं.