औषधी शुष्कीकरण कक्षासाठी पंखा व कोळशाची गाळणी : निवड आणि मांडणी

चरकसंहितेच्या कल्पस्थानातील पहिल्या अध्यायात औषधिद्रव्ये साठविण्याच्या गृहाचे वर्णन आले आहे. त्या गृहाचे द्वार पूर्वेस वा उत्तरेस असावे, आत वाऱ्याचा झोत नसावा, मात्र एका भागात हवा खेळती असावी, आणि अग्नी, पाणी, ओल, धूर, धूळ व उंदीर यांचा तेथे शिरकाव नसावा, असे आचार्य सांगतात. निवात आणि प्रवात या परस्परविरोधी वाटणाऱ्या दोन गुणांचा मेळ घालणे, हाच आजच्या शुष्कीकरण कक्षापुढीलही प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात त्याचा व्यावहारिक विचार करावयाचा आहे.

आमची लहानशी औषधशाळा मुळशी तालुक्यातील रिहे येथे राहत्या घरालगत आहे. आषाढ-श्रावणात येथे कपडे वाळत नाहीत, तेथे गुळवेलीचे तुकडे कसे वाळावेत? प्रारंभी आम्ही भिंतीत एक वेगवान एक्झॉस्ट फॅन बसविला. एका पावसाळ्यात त्याची तीन फळे मिळाली. गुळवेलीवर बुरशी आली व सर्व माल टाकून द्यावा लागला. लसूण, हिंग व वेखंड यांचा दर्प शेजारच्या अंगणात जाऊ लागला. आणि शेजारच्या आजी एके सकाळी येऊन म्हणाल्या, "वैद्यबुवा, तुमच्या औषधानं झोप येते म्हणतात, पण तुमचा पंखा झोपू देत नाही." तिन्ही दोषांचे मूळ एकच होते. पंखा आम्ही विचार न करता घेतला होता.

पावसाळ्यातील हवा

बाहेरची सापेक्ष आर्द्रता ९० टक्के असताना पंखा कितीही जोराने फिरविला, तरी ओली हवाच आत ओढली जाते. म्हणून आत येणारी हवा प्रथम तापविली पाहिजे. २५ अंश सेल्सिअस तापमानाची व ९० टक्के आर्द्रतेची हवा ३५ अंशांपर्यंत तापविली, की तिची सापेक्ष आर्द्रता सुमारे ५० टक्क्यांवर येते व ती द्रव्यातील ओल शोषू लागते. तुळस, वेखंड आदी सुगंधी द्रव्यांसाठी तापमान ४० अंशांच्या आत ठेवावे, अन्यथा तैलांश उडून जातो. छायाशुष्क करण्याच्या परंपरेमागील हेतूही हाच आहे.

पंख्याचे आकारमान

प्रथम कक्षाचे घनफळ काढावे. १२ फूट लांब, १० फूट रुंद व ९ फूट उंच खोलीचे घनफळ १०८० घनफूट होते. दर तीन मिनिटांनी हवा बदलावयाची तर मिनिटास ३६० घनफूट हवा बाहेर गेली पाहिजे. गाळणी व पाइपची वळणे यांचा अवरोध लक्षात घेऊन पंख्याची क्षमता पाव हिश्श्याने अधिक, म्हणजे सुमारे ४५० घनफूट धरावी. मात्र एवढी हवा १० अंशांनी तापविण्यास सुमारे दोन किलोवॉट वीज लागते, हे विसरू नये. ओला माल असताना पूर्ण वेग व माल वाळत आल्यावर निम्मा वेग, अशी योजना खर्चास परवडते.

भिंतीतील साधा पात्यांचा पंखा मोकळ्या हवेत उत्तम चालतो. पुढे गाळणीचा अवरोध आला की त्याची हवा एकदम घटते. गाळणी लावावयाची असल्यास पाइपला जोडता येणारा ब्लोअरच घ्यावा. विक्रेत्यास केवळ "हवा किती?" असे न विचारता "इतक्या अवरोधापुढे हवा किती?" असे विचारावे.

आवाज

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खेड्यातील रात्र मुळातच शांत असल्याने तेथे लहान आवाजही मोठा भासतो.

येथे एक सूत्र ध्यानात ठेवावे : लहान पंखा वेगाने फिरविण्यापेक्षा मोठा पंखा सावकाश फिरविणे श्रेयस्कर. गती निम्मी केल्यास हवा निम्मी होते, परंतु आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो आणि वीज त्याहूनही मोठ्या प्रमाणात वाचते. पंखा पत्र्याला वा भिंतीला थेट ठोकू नये. रबरी आधारावर टांगावा व पाइपशी लवचीक जोड द्यावा. पुष्कळदा तक्रार पंख्याची नसून थरथरणाऱ्या पत्र्याची असते.

कोळशाची गाळणी

ॲक्टिव्हेटेड कार्बन म्हणजे चुलीतला कोळसा नव्हे. नारळाच्या करवंटीचा कोळसा उच्च तापमानास वाफेने संस्कारित केला, की त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे निर्माण होतात. अशा एका ग्रॅमचे अंतर्गत पृष्ठफळ सुमारे १००० चौरस मीटर भरते व गंधद्रव्ये त्या पृष्ठास चिकटून राहतात. त्यासाठी हवेचा कोळशाशी निदान एक दशांश सेकंद संपर्क व्हावा. आमच्या ३६० घनफुटांच्या हिशेबाने सुमारे १७ लिटर, म्हणजे अदमासे साडेआठ किलो कोळसा लागतो. हाती धरता येईल इतकी हलकी गाळणी कोणी दाखविल्यास ती घेऊ नये.

आर्द्रता ६०-७० टक्क्यांपुढे गेली की छिद्रांत गंधाऐवजी पाणी भरते. म्हणून गाळणी बाहेर पडवीत न टांगता उबदार कक्षातच, पंख्याच्या आधी बसवावी. तेथे हवा तुलनेने कोरडी असते, पंखा ती गाळणीतून ओढून घेतो आणि मोटारीवरही चूर्ण बसत नाही. चूर्णाची धूळ कोळशाची छिद्रे बुजविते, यास्तव गाळणीभोवती धुता येणारे कापडी आवरण असावे. कोळसा उन्हात ठेवल्यास पाणी निघते, पण धरलेला गंध पुरता सुटत नाही. दर्प पुन्हा येऊ लागला की कोळसा बदलणे हाच उपाय.

मर्यादा

गोमूत्राच्या अर्काचा अमोनिया साधा कोळसा फारसा धरीत नाही. त्यासाठी आम्लसंस्कारित कोळसा लागतो. भस्मनिर्मितीच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तर कोळशाने मुळीच अडत नाही. दर्प गेला म्हणजे हवा शुद्ध झाली, असे समजून पुटाची शेगडी बंद खोलीत पेटवू नये. यात कामगारांच्या जिवाचा प्रश्न आहे. मद्यार्काची वाफ असेल तेथे ठिणगी न उडणारी मोटारच वापरावी.

औषधे नियम, १९४५ मधील शेड्यूल टी परवानाधारक निर्मात्यांस लागू आहे. केवळ आपल्या रुग्णांसाठी औषध करणाऱ्या नोंदणीकृत वैद्यांस त्यातून सूट आहे. परंतु बुरशीला अशी सूट ठाऊक नसते. चूर्ण दोन महिन्यांत हीनवीर्य होते, असे शार्ङ्गधर सांगतात. मूळ द्रव्यच ओले असेल, तर ते दोन महिनेही हाती लागत नाहीत.

आमच्या कक्षात आता मोठा पंखा रात्री निम्म्या गतीने चालतो. गुळवेल खुटकन मोडते. आजींची तक्रार नाही, उलट "आज पंखा बंद आहे का?" असे त्याच मधूनमधून विचारतात. वैद्यबंधूंनी आपल्या कक्षांचे अनुभव अवश्य कळवावेत.