रिकाम्या पिस्तुलाचा चाप

काडतूस नसतांना पिस्तुलाचा चाप ओढला तर पिस्तुल बिघडतें काय, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. परंतु त्याचीं दोन परस्परविरुद्ध उत्तरें ऐकूं येतात. जुने परवानाधारक बजावतात कीं, रिकामा घोडा पाडूं नये, पिन मोडते. उलट नेमबाजीचे शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांकडून तीच क्रिया शेंकडों वेळां करून घेतात. दोघांपैकीं कोणीही असत्य बोलत नाहीं. प्रत्येकाच्या डोळ्यांपुढें निराळें पिस्तुल असतें, इतकेंच.

प्रथम हा सराव करावयाचा तरी कशासाठीं, तें पाहूं. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनीं २०१८ सालच्या आशियाई क्रीडास्पर्धांत २५ मीटर पिस्तुलाच्या प्रकारांत सुवर्णपदक मिळविलें. त्या स्पर्धांत भारतीय महिला नेमबाजाला मिळालेलें तें पहिलें सुवर्ण होय. या प्रकारांतील पहिल्या तीस गोळ्या ज्या लक्ष्यावर झाडावयाच्या, त्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा ५० मिलिमीटर असतो. पिस्तुलाची पुढची माशी व मागची खांच यांमधील अंतर फार तर २२ सेंटिमीटर. त्रैराशिक मांडलें कीं कळतें: चाप ओढतांना माशी खांचेंत एक मिलिमीटर जरी ढळली, तरी गोळी २५ मीटरांवर ११ सेंटिमीटरांहून अधिक बाजूला जाते. खरी गोळी सुटतांना तिच्या धक्क्यांत व आवाजांत हें ढळणें झांकून जातें. रिकाम्या पिस्तुलांत तें डोळ्यांना स्वच्छ दिसतें. काडतुसांचा खर्च वांचतो तो निराळाच. नेमबाज मंडळी यालाच ‘ड्राय प्रॅक्टिस’, म्हणजे कोरडा सराव, म्हणतात.

आतां पिस्तुलाच्या अंतरंगाकडे वळूं. चाप ओढतांच घोडा सुटतो व फायरिंग पिन नांवाच्या बारीक पोलादी कांडीवर आदळतो. तिचें टोंक काडतुसाच्या बुडावर बसतें, तेथील मसाला पेटतो आणि दारूला बत्ती लागते. काडतूस जागेवर असेल तर त्याच्या बुडाचा मऊ धातु हा आघात झेलतो. नसेल तर तो कोणीं झेलावयाचा, यावर सारें अवलंबून आहे.

राही सरनोबत यांच्या प्रकारांत वापरतात तें पिस्तुल ५.६ मिलिमीटर, म्हणजे .२२ बोअरचें. याच्या काडतुसांत मसाला बुडाच्या मध्यभागीं नसून कडेच्या घडींत भरलेला असतो. म्हणून पिनही मध्यावर न मारतां कडेवर मारते; आणि त्या कडेच्या नेमकी पुढें नळीच्या मागील तोंडाची पोलादी धार असते. काडतूस नसलें आणि पिनला अडविण्याची कांहीं सोय नसली, तर पोलादावर पोलाद आपटतें. अशा आघातांनीं धारेवर हळूहळू खळगा पडतो, धातूचा उंचवटा आंत येतो, काडतूस धड बसत नाहीं व रिकामें पुंगळें निघतांना अडकतें. पिनचें टोंकही बोथट होतें. म्हणजे ज्या पिस्तुलाला कोरड्या सरावाची गरज मोठी, त्यालाच त्याची बाधाही मोठी! यावर कारागिरांनीं तोड काढली आहे. स्पर्धेच्या कित्येक पिस्तुलांत पिनवर आघात न होतां केवळ चापाचा सराव करतां येईल अशी योजना असते. अमेरिकेंतील रुगर कंपनीच्या .२२ पिस्तुलांत पिनला वेळींच थांबविणारी एक लहानशी आडवी खीळ असते. साफसफाईनंतर ती खीळ बसवावयाची राहिली, तर मात्र नळीचें तोंड खराब झालेंच म्हणून समजावें.

मोठ्या बोअरच्या पिस्तुलांत पिन काडतुसाच्या मध्यावर मारते. नळी रिकामी असली तर तिच्यापुढें पोकळी असते. ती कशावर न आदळतां आपल्याच खांद्यावर थांबते. ऑस्ट्रियाचें ग्लॉक पिस्तुल साफसफाईसाठीं उघडावयाचें तर आधीं रिकामा चाप ओढावाच लागतो. तेव्हां त्या कृतीनें तें बिघडत असतें तर तें कोणीं घेतलेंच नसतें. परंतु जुन्या पिस्तुलांविषयीं इतकें निःशंक राहतां येत नाहीं. भंडाऱ्याजवळ वरठीला सनफ्लॅगचा मिश्र पोलादाचा कारखाना आहे. पोलाद जितकें कडक करावें तितकें तें ठिसूळ होण्याकडे झुकतें, हा त्या धंद्यांतला ओनामा होय. पिन मऊ ठेवली तर बोथटते, फार कडक केली तर तडकते. चेकोस्लोव्हाकियाचें १९५२ सालचें लष्करी पिस्तुल अशा तडकणाऱ्या पिनसाठीं कुप्रसिद्ध आहे. शिवाय शंभर आघात सोसलेली पिन एकशेंएकाव्या आघातालाही तशीच राहील, असें नाहीं, धातु थकतो. त्यासाठीं बनावट काडतुसें मिळतात. त्यांच्या बुडाशीं स्प्रिंग किंवा मऊ पदार्थ असतो व तो आघात झेलतो. जुन्या पिस्तुलाच्या मालकानें हा थोडासा खर्च अवश्य करावा.

स्प्रिंगवर चालणाऱ्या हवाई पिस्तुलाची गोष्ट अगदींच वेगळी. त्यांत स्प्रिंगच्या जोरानें दट्ट्या पुढें धांवतो व समोरची हवा दाबतो. नळींत छर्रा असेल तर दाबलेल्या हवेची उशी दट्ट्याला सांवरते. छर्रा नसेल तर हवा निसटते आणि दट्ट्या भिंतीवर जाऊन आपटतो. बाण न लावतां धनुष्याची दोरी ओढून सोडली म्हणजे धनुष्य मोडतें, तसाच हा प्रकार. हें पिस्तुल रिकामें कधींही झाडूं नये.

येथवर पिस्तुलाच्या हानीचा विचार झाला. परंतु मोडलेली पिन नवी बसवितां येते. कोरड्या सरावांतील खरा धोका निराळा आहे. ब्राउनिंग हाय-पॉवर पद्धतीच्या पिस्तुलांत मॅगझिन काढून घेतलें कीं चाप चालत नाहीं. सोय उत्तम, पण कोरड्या सरावासाठीं रिकामें मॅगझिन परत आंत घालावें लागतें. आणि एकदां आंत गेलेलें रिकामें व भरलेलें मॅगझिन बाहेरून सारखेंच दिसतें. उलट कित्येक पिस्तुलांत मॅगझिन काढल्यावरही नळींत राहून गेलेलें एक काडतूस सुटूं शकतें. म्हणूनच आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघाच्या नियमांप्रमाणें कोरडा सराव नेमबाजीच्या रेषेवर किंवा नेमून दिलेल्या जागींच, अधिकाऱ्याच्या अनुज्ञेनें करावयाचा असतो; एरव्हीं नळींत भडक रंगाची खूण घालून ती रिकामी असल्याचें सर्वांना दिसेल असें ठेवावें लागतें.

घरीं असा अधिकारी नसतो. तेथें नळी डोळ्यांनीं पाहून वर करंगळीनें चांचपावी, काडतुसें दुसऱ्या खोलींत कुलुपांत ठेवावींत आणि पिस्तुलाचें तोंड भक्कम भिंतीकडेच असावें. यांतही सर्वांत घातक क्षण सरावाच्या आरंभींचा नव्हे, तर शेवटचा. सराव आटोपतो, काडतुसें पुन्हां भरलीं जातात, आणि ‘आणखी एकदांच’ म्हणून संवयीनें बोट चापाकडे जातें. यासाठीं कित्येक अनुभवी नेमबाज ‘सराव संपला’ असें स्वतःशींच मोठ्यानें म्हणतात व पिस्तुल लागलींच पेटींत बंद करतात.