माकडताप : ताप उतरल्यानंतरही सावध राहण्याचा आजार

सह्याद्रीच्या उतरणीवर वसलेल्या गावांचे जंगलाशी असलेले नाते रोजच्या चरितार्थाचे आहे. गोठ्यात अंथरावयाचा पातेरा, भाजावळीसाठी तोडावयाची कवळे, चुलीसाठी लागणारे सरपण आणि वर्षाची मिळकत हाती देणारा काजू, या साऱ्यांसाठी माणसाला रानात जावेच लागते. याच वाटेवर त्याला गाठणारा आजार म्हणजे माकडताप. वैद्यकशास्त्रात त्यास ‘क्यासनूर फॉरेस्ट डिसीज’ असे म्हणतात. या आजाराविषयी भीती पुष्कळ आहे, परंतु नेमकी माहिती कमी आहे. रुग्णालयाचे देणगीदार, विश्वस्त आणि विशेषतः रुग्णांचे नातेवाईक यांच्यापर्यंत ती सोप्या शब्दांत पोहोचावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नाव माकडाचे, वाहक गोचीड

हा रोग एका विषाणूमुळे होतो. तो माणसापर्यंत पोहोचविते ती रानातील एक बारीक गोचीड. ‘हीमाफायसालिस स्पिनिजेरा’ ही तिची प्रमुख जात होय. पावसाळा संपल्यावर जमिनीवरील पाचोळ्यात तिची पिल्ले मोठ्या संख्येने दिसू लागतात आणि साधारणपणे डिसेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत ती रक्ताच्या शोधात असतात. या अवस्थेतील गोचीड इतकी लहान असते की ती अंगावर चढल्याचे अनेकांच्या लक्षातही येत नाही. एकदा विषाणू शरीरात शिरला की ती गोचीड आयुष्यभर तो बाळगून असते. रानातील उंदीर, चिचुंद्री यांसारख्या लहान प्राण्यांच्या रक्तावर पोसल्या जाणाऱ्या गोचिडींमार्फत हे चक्र वर्षानुवर्षे चालू राहते.

माकडाचे नाव या आजारास का मिळाले, हेही समजून घेणे अगत्याचे आहे. काळ्या तोंडाचे वानर आणि लाल तोंडाचे माकड हे दोन्ही प्राणी या विषाणूला बळी पडतात. माकड मेल्यावर त्याच्या अंगावरील गोचिडी खाली उतरतात आणि ती जागा काही काळ अत्यंत धोक्याची बनते. थोडक्यात, माकड हे रोगाचे कारण नसून माणसाप्रमाणेच त्याचा बळी आहे. त्याच्या मरणातून आपल्याला धोक्याची पहिली सूचना मिळते. म्हणून माकडांना मारणे वा पिटाळणे हा या रोगावरील उपाय नव्हे.

क्यासनूर ते दोडामार्ग

इ. स. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातील क्यासनूर जंगलाच्या परिसरात माकडे मरू लागली आणि पाठोपाठ गावकरी तापाने आजारी पडू लागले. माकडांच्या मृत्यूमुळे पीतज्वर भारतात आला की काय, अशी शंका प्रथम घेतली गेली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी शोध घेतला, तेव्हा हा एक नवाच विषाणू असल्याचे सिद्ध झाले. रशियात आढळणाऱ्या, गोचिडीमार्फतच पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूशी त्याचे जवळचे नाते निघाले. १९५२ साली सुरू झालेले हे केंद्र आज राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. एका अर्थी या रोगाची ओळख जगाला पुण्यातूनच झाली.

त्यानंतर कित्येक दशके हा आजार कर्नाटकापुरताच मर्यादित समजला जात असे. २०१२ नंतर मात्र चित्र पालटले. बंदीपूर, निलगिरी आणि केरळातील वायनाड येथे तो आढळला. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील पाली गावात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात केर गावाच्या परिसरात त्याचा उद्रेक झाला. पुढे सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसरातही रुग्ण सापडले. गोवा आणि सिंधुदुर्ग या दोन्ही ठिकाणी काजूच्या बागांत काम करणाऱ्यांना त्याची मोठी झळ पोहोचली. काजूचा हंगाम आणि गोचिडीचा हंगाम एकच असावा, हे या भागाचे दुर्दैव होय.

दोन टप्प्यांचा ताप

गोचीड चावल्यानंतर साधारणपणे तीन ते आठ दिवसांत एकाएकी थंडी वाजून जोराचा ताप येतो. कपाळ फुटेल असे डोके दुखते, मान, कंबर आणि पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात. त्यानंतर उलट्या वा जुलाब सुरू होऊ शकतात. काही रुग्णांच्या नाकातून, हिरड्यांतून किंवा शौचावाटे रक्त जाते. रक्तदाब उतरतो, रक्तातील पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होतात. बहुसंख्य रुग्ण एक ते दोन आठवड्यांत यातून सावरतात.

पण येथेच या आजाराची खरी मेख आहे. शंभरातील सुमारे दहा ते वीस रुग्णांमध्ये ताप उतरून एक-दोन आठवडे बरे गेल्यानंतर आजार पुन्हा डोके वर काढतो. या दुसऱ्या टप्प्यात मेंदूवर परिणाम होऊ शकतो. पुन्हा ताप, तीव्र डोकेदुखी, हातापायांना कंप, चक्कर, अंधुक दिसणे, बोलण्यात असंबद्धता ही त्याची लक्षणे होत. या रोगाने दगावणाऱ्यांचे प्रमाण शंभरात सुमारे तीन ते पाच इतके आहे. एखाद्या घरातील कर्ता पुरुष किंवा कर्ती स्त्री त्या तीन-पाचांत असेल, तर हे प्रमाण लहान कसे म्हणावे?

ताप उतरला म्हणजे आजार संपला, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. माकडतापाच्या बाबतीत तो घातक ठरू शकतो. रुग्ण घरी परततो त्या वेळी काजूची बोंडे झाडाखाली पडून वाया जात असतात, रोजंदारी बुडालेली असते आणि उपचाराचा खर्च डोक्यावर असतो. साहजिकच त्याचे पाय पुन्हा बागेकडे वळतात. दुसऱ्या टप्प्याची शक्यता नेमकी याच दिवसांत असते. घरी सोडताना नातेवाइकांना ही गोष्ट स्पष्टपणे सांगणे हे औषधाची चिठ्ठी लिहिण्याइतकेच महत्त्वाचे कर्तव्य आहे.

निदानाची सुरुवात एका प्रश्नाने

डेंग्यू, मलेरिया, लेप्टो आणि माकडताप यांची सुरुवातीची लक्षणे पुष्कळशी सारखी असतात. ताप कोणत्या महिन्यात आला आणि रुग्ण त्यापूर्वी कोठे गेला होता, या दोन गोष्टींवरून डॉक्टरांना दिशा मिळते. लेप्टोचा जोर पावसाळ्यात आणि त्यानंतर असतो. माकडतापाचा जोर शेते कोरडी पडल्यावर येतो. रुग्ण आठ-दहा दिवसांत काजूच्या बागेत गेला होता काय, पातेरा किंवा सरपण आणले काय, परिसरात माकड मेलेले आढळले काय, ही माहिती नातेवाइकांनी न विचारताही द्यावी. आजाराच्या पहिल्या काही दिवसांत रक्तातील विषाणूची थेट तपासणी करता येते. त्यानंतर रक्तात तयार झालेल्या प्रतिपिंडांवरून निदान होते. म्हणूनच ताप नेमका कोणत्या दिवशी सुरू झाला, याची नोंदही मोलाची ठरते.

गोचीड चावल्याची माहिती डॉक्टरांना देण्याचे आणखी एक कारण आहे. गोचिडीमुळे होणारा, अंगावर पुरळ उठणारा आणखी एक प्रकारचा ताप रिकेट्सिया नावाच्या जंतूंमुळे येतो. वेळेवर ओळखल्यास डॉक्सिसायक्लिन या स्वस्त औषधाने तो बरा होतो, मात्र उशीर झाल्यास जिवावर बेतू शकते.

उपचार म्हणजे वेळेवर आधार

माकडतापाच्या विषाणूला मारणारे खास औषध आजही उपलब्ध नाही. याचा अर्थ उपचार नाहीत, असा मात्र होत नाही. शिरेवाटे द्रवपदार्थ देऊन रक्तदाब सांभाळणे, पेशींवर लक्ष ठेवणे, रक्तस्राव झाल्यास रक्त वा रक्तघटक देणे आणि मेंदूची लक्षणे दिसताच अतिदक्षता विभागात हलविणे, या आधारावर रुग्ण तारून नेता येतो. मात्र त्यासाठी तो लवकर पोहोचला पाहिजे. घरच्या घरी अंगदुखीसाठी ॲस्पिरिन किंवा तत्सम वेदनाशामक गोळ्या घेणे टाळावे, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल घ्यावे. दोन-तीन दिवस वाट पाहण्यापेक्षा पहिल्याच दिवशी जवळचे आरोग्य केंद्र गाठावे.

रुग्णालयातून घरी आल्यावर थकवा, स्नायूंची दुखणी आणि अशक्तपणा कित्येक आठवडे, प्रसंगी काही महिने टिकतो. ‘आता बरा झाला, मग काम का करीत नाही?’ असा प्रश्न घरातून वा शेजारातून विचारला जातो, तेव्हा तो रुग्णाला आजाराहून अधिक बोचतो. हा आळस नसून आजाराचाच उर्वरित भाग आहे, हे कुटुंबाने जाणून घ्यावे. पुरेसे पाणी, पचेल असा सकस आहार, झोप आणि हळूहळू वाढविलेले हलके काम एवढे मिळाले, तर बहुतेक रुग्ण पूर्ववत होतात.

हा आजार एका माणसापासून दुसऱ्या माणसाला होत नाही. रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यांना, त्याच्या शेजारी बसणाऱ्यांना किंवा त्याच्या घरी जाणाऱ्यांना त्यापासून लागण होत नाही. त्यामुळे रुग्णाच्या कुटुंबाला दूर ठेवण्याचे काहीही कारण नाही.

जंगलात जाऊ नका, एवढे सांगून भागत नाही

ज्याची चूल रानावर पेटते त्यास रानात न जाण्याचा उपदेश करणे सोपे, पण व्यर्थ आहे. त्याऐवजी पाळता येतील अशा गोष्टी सांगाव्यात.

रानात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि पायजम्याची टोके मोज्यांत खोचावीत. उघड्या अंगाला गोचिडींना दूर ठेवणारे तेल लावावे. कर्नाटकात यासाठी पूर्वी ‘डीएमपी’ तेल वापरीत, अलीकडे ‘डेपा’ हे तेल वापरले जाते. आरोग्य विभागाकडून मिळणारे तेल कामावर निघण्यापूर्वी न चुकता लावावे. पाचोळ्यावर बसणे वा आडवे होणे टाळावे. घरी परतताच कपडे गरम पाण्यात टाकावेत, साबणाने आंघोळ करावी आणि काख, जांघ, कानामागे, गुडघ्यामागे शरीर तपासावे. गोचीड आढळल्यास ती बोटांनी चिरडू नये, चटका देऊ नये वा रॉकेल ओतू नये. चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढावी आणि जागा साबणाने धुवावी. जंगलातील पाचोळा हंगामात घराजवळ आणून ठेवू नये. रानात चरून येणाऱ्या गुरांच्या अंगावरून गोचिडी वस्तीत येतात, म्हणून गुरांवरही पशुवैद्यकांच्या सल्ल्याने औषध वापरावे.

मेलेले माकड दिसल्यास त्यास हात लावू नये, जवळ जाऊ नये. ग्रामपंचायत, वनविभाग किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र यांस तत्काळ कळवावे, म्हणजे तेथे कीटकनाशक भुकटीची फवारणी करता येते. वेळीच दिलेली अशी एक बातमी अनेकांचा आजार टाळू शकते.

लसीविषयी काही शब्द

या रोगावरील एक लस कर्नाटकात अनेक वर्षे दिली जात असे. तिचे दोन डोस आणि त्यानंतर पुन्हापुन्हा बूस्टर घ्यावे लागत. तिची परिणामकारकता पुरेशी नसल्याचे आढळून आल्यावर २०२२ मध्ये तिचा वापर थांबविण्यात आला. नवी लस विकसित करण्याचे काम भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने हाती घेतले आहे. ती सर्वांपर्यंत पोहोचेपर्यंत जागरूकता हीच आपली लस आहे. २०२४ मध्येही कर्नाटकात या तापाने बळी घेतले, हे विसरून चालणार नाही.

आपणा सर्वांचा वाटा

माकडताप शहरापासून दूर, हातावर पोट असणाऱ्या माणसांना होतो. त्यामुळे त्याची चर्चा थोडी होते आणि औषधाच्या बाजारपेठेलाही त्यात फारसा रस नसतो. असे आजार धर्मादाय रुग्णालयांच्या दारी येतात ते यामुळेच. अशा वेळी देणगीदाराच्या रुपयातून केवळ खाट आणि सलाइन मिळत नाही. डिसेंबरपूर्वी वाडीवाडीत तेलाची बाटली पोहोचते, आशाताईंच्या हाती चिमटा आणि माहितीपत्रक येते, घरी सोडलेल्या रुग्णाची दोन आठवड्यांनी पुन्हा चौकशी होते. रोजंदारी बुडालेल्या घरात महिनाभराचे धान्य गेले, तर रुग्णास विश्रांती घेणे शक्य होते. उपचाराच्या बिलात या गोष्टी दिसत नाहीत, पण पुष्कळदा रुग्ण वाचतो तो त्यांच्यामुळेच.

रुग्णांच्या नातेवाइकांना शेवटी एवढीच विनंती करावीशी वाटते की, ताप उतरल्यावरचे तीन आठवडे आपल्या माणसाला जपा. या काळात डोके पुन्हा दुखू लागले, हात थरथरू लागले किंवा बोलणे असंबद्ध वाटले, तर सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा आणि त्याला रुग्णालयात आणा. काजूचा हंगाम पुढच्या वर्षी पुन्हा येईल. गेलेला माणूस मात्र परत येत नाही.