मुलांकडे परदेशी जाताय? आजारपणाची तयारी इथूनच करा

आमच्या आरोग्य तपासणी शिबिरांत गेल्या काही वर्षांपासून एक नवा प्रश्न येऊ लागला आहे. रक्तदाब मोजून झाला, पट्टा काढला की काका हळूच विचारतात, "सिस्टर, मुलाकडे अमेरिकेला चाललोय सहा महिने. गोळ्या किती घेऊ?"

आनंदाचाच प्रश्न आहे हा. रेल्वे, पोस्ट, बँक, आयुधनिर्माणी, जिल्हा परिषदेची शाळा अशा ठिकाणी आयुष्यभर राबून निवृत्त झालेली आपली पिढी आता मुलांच्या घरी अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, दुबईला जाते आहे. कुणी सहा महिने, कुणी कायमचे. तिकीट, व्हिसा, नातवंडांसाठी लाडू, लोणचे यांची तयारी महिनाभर चालते. आजारपणाची तयारी मात्र "मुलगा आहे ना तिथे" या एका वाक्यावर संपते. मुलगा असतो, पण दिवसभर कामावर असतो. आणि दुखणे वेळ विचारून येत नाही.

आमच्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षिका मुलीकडे अमेरिकेला गेल्या होत्या. त्यांना पंधरा वर्षांचा मधुमेह. सकाळी 24 युनिट इन्शुलिन, रात्री 12. नेलेल्या बाटल्या तिसऱ्या महिन्यात संपल्या. जावयाने औषधाच्या दुकानातून त्याच प्रकारची बाटली आणून दिली. मावशींनी नेहमीप्रमाणे भारतातून नेलेल्या सिरिंजमध्ये 24 च्या रेघेपर्यंत भरून टोचून घेतली. तासाभरात घाम, थरथर, मग बोलणे असंबद्ध. घरात फक्त दहा वर्षांची नात. तिला शाळेत शिकवलेले होते म्हणून तिने 911 ला फोन लावला. मावशी वाचल्या. पण त्या मुलीला शिकवलेले नसते तर?

चूक कुणाची, हे शोधण्यात अर्थ नाही. ही गोष्ट त्यांना निघण्यापूर्वी कुणीतरी समजावून सांगायला हवी होती. म्हणून हा लेख.

इन्शुलिनची बाटली आणि सिरिंज

आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक इन्शुलिनच्या बाटल्यांत एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट असतात. त्यासाठी लाल टोपणाची 40 ची सिरिंज असते. अमेरिका, इंग्लंड, कॅनडा या देशांत एका मिलिलिटरमध्ये 100 युनिट असतात आणि त्याची सिरिंज वेगळी, बहुधा केशरी टोपणाची. आपल्या 40 च्या सिरिंजने तिथले 100 चे इन्शुलिन घेतले तर अडीचपट डोस जातो. मावशींच्या अंगात 24 ऐवजी 60 युनिट गेले ते असे. उलटे झाले, म्हणजे आपली बाटली आणि तिथली सिरिंज, तर निम्म्याहूनही कमी औषध जाते आणि साखर चढत राहते.

नियम एकच: बाटली आणि सिरिंज एकाच आकड्याची हवी. सर्वांत सोपे म्हणजे निघण्यापूर्वी महिनाभर आधी डॉक्टरांना विचारून इन्शुलिन पेनवर जावे. पेनची काडतुसे आपल्याकडेही 100 चीच असतात. युनिटचा आकडा बदलत नाही, 24 चे 24 च राहतात. आणखी एक गोष्ट. आपल्याकडे जे इन्शुलिन 30/70 म्हणून लिहितात, तेच अमेरिकेत 70/30 म्हणून मिळते. नाव उलटे दिसले म्हणून घाबरू नये.

इन्शुलिन विमानात हातातल्या पिशवीत ठेवावे. सामानाच्या कप्प्यात ते गोठून निकामी होऊ शकते.

साखर मोजण्याचे आकडेही बदलतात. अमेरिकेत आपल्यासारखेच आकडे आहेत. इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियात मात्र मिलिमोल हे माप वापरतात. त्यांच्या आकड्याला 18 ने गुणले की आपला आकडा मिळतो. तिथले 10 म्हणजे आपले 180. तिथल्या यंत्रावर 4 दिसले तर ते आपले 72 आहे, म्हणजे साखर खाली चालली आहे. 70 च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट ॲम्ब्युलन्स बोलवावी.

गोळ्यांची पिशवी

गोळ्या डब्यात मोकळ्या करून नेऊ नका. मूळ पाकिटातच ठेवा. सोबत डॉक्टरांची टाइप केलेली इंग्रजी चिठ्ठी हवी आणि तिच्यात औषधाचे मूळ नाव हवे. आपल्या कंपनीचे नाव तिथल्या डॉक्टरला काही सांगत नाही. मूळ नावातही थोडा फरक असतो. आपले पॅरासिटामॉल अमेरिकेत ॲसिटामिनोफेन होते, दम्याच्या पंपातले साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल होते. हे माहीत नसल्याने एकच औषध दोन नावांनी दोनदा घेतले जाते, आणि पॅरासिटामॉलचा जास्त डोस यकृत खराब करतो.

अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी साधारण 90 दिवस पुरेल एवढेच औषध नेण्याची मुभा आहे. राहणे त्याहून जास्त असेल तर तिथल्या डॉक्टरला एकदा दाखवून पुढची चिठ्ठी घेण्याचे आधीच ठरवावे. आखाती देशांचे नियम कडक आहेत. ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेली वेदनाशामके आणि खोकल्याची औषधे, तसेच झोपेच्या काही गोळ्या संयुक्त अरब अमिरातीत नेण्यासाठी आधी ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. आणि मसाल्याच्या डब्यातली खसखस तिथे बंदी असलेला पदार्थ आहे. ती घरीच ठेवा.

एका पानाचा कागद

अपघात विभागात डॉक्टरला तुमची जाड फाइल वाचायला वेळ नसतो. त्याला एक पान हवे असते. ते इंग्रजीत टाइप करून घ्या. एक प्रत पाकिटात, एक फ्रिजच्या दारावर, एक फोटो मुलाच्या आणि सुनेच्या फोनमध्ये. त्यावर एवढे असावे:

1. नाव, जन्मतारीख, रक्तगट, बोलण्याची भाषा.
2. आजार आणि ते किती वर्षांपासून आहेत.
3. रोजची औषधे: मूळ नाव, किती मिलिग्रॅम, किती वेळा. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती सर्वांत वर.
4. कोणत्या औषधाची ॲलर्जी.
5. शस्त्रक्रिया, स्टेंट, पेसमेकर. कधी आणि कुठे.
6. शेवटच्या ईसीजीची प्रत. जुना ईसीजी शेजारी असला की नवा बदल डॉक्टरला पटकन कळतो.
7. तिथल्या घराचा पूर्ण पत्ता, दोन नातेवाइकांचे फोन, विमा पॉलिसीचा क्रमांक.

विदर्भातल्या आपल्या बांधवांसाठी आठवा मुद्दा: सिकलसेल. आपल्या समाजात हा आजार आणि त्याचे वाहक बरेच आहेत, हे आपण शिबिरांतून वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. परदेशातल्या डॉक्टरला भारतीय माणसात सिकलसेल असेल असे चटकन सुचेलच असे नाही. एसएस रुग्णाला छातीत दुखणे, ताप, हाडे दुखणे याचा अर्थ वेगळा असतो आणि उपचारही वेगळे असतात. सिकलसेलमध्ये तीन महिन्यांच्या साखरेची एचबीए1सी ही तपासणी फसवी येऊ शकते, हेही कागदावर लिहावे. लाल-पिवळे कार्ड कपाटात ठेवून जाऊ नका. प्रवासाआधी डॉक्टरांशी बोला, विमानात भरपूर पाणी प्या.

विमा: स्वस्त पॉलिसी वाचून घ्या

आपल्याकडची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना किंवा आयुष्मान भारत परदेशात चालत नाही. निवृत्त सरकारी कर्मचाऱ्यांनीही मुलाकडे असताना आलेल्या आजारपणाचा खर्च इथल्या योजनेतून मिळेल असे धरून चालू नये. प्रत्येक देशाची तऱ्हा वेगळी आहे.

अमेरिकेत पाहुणे म्हणून गेलेल्यांना सरकारी मेडिकेअर नाही. ग्रीन कार्ड मिळाले आणि वय 65 झाले, तरी स्वतः किंवा जोडीदाराने तिथे नोकरी केलेली नसेल तर सलग 5 वर्षे राहिल्याशिवाय मेडिकेअर विकत घेता येत नाही. मात्र ग्रीन कार्डवर कायम राहायला गेलेल्यांना मार्केटप्लेसवरचा खासगी विमा घेता येतो. त्यासाठी पोहोचल्यापासून 60 दिवसांच्या आत अर्ज करावा. पुष्कळांची ही मुदत हातची जाते.

इंग्लंडमध्ये पाहुण्यालाही अपघात विभागातला उपचार आणि जीपी डॉक्टरची भेट मोफत आहे. पण वॉर्डात भरती केले की खर्च सुरू, तोही एनएचएसच्या दराच्या दीडपट. 500 पौंड किंवा त्याहून जास्त बाकी राहिली तर पुढच्या व्हिसाला अडचण येऊ शकते.

कॅनडाच्या सुपर व्हिसासाठी किमान 1 लाख कॅनेडियन डॉलरचा, वर्षभराचा विमा सक्तीचा आहे. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा.

पॉलिसी घेताना तीन गोष्टी विचाराच. पहिली, जुन्या आजारामुळे काही झाले तर पैसे मिळतील का? अनेक पॉलिसी जुना आजार वगळतात किंवा फक्त अचानक बिघडल्यावर, जीव वाचवण्यापुरतेच देतात. दुसरी, प्रत्येक गोष्टीला ठरावीक रक्कम आहे की बिलाच्या प्रमाणात? ठरावीक रकमेच्या पॉलिसीचा हप्ता कमी असतो, पण अमेरिकेतल्या बिलापुढे ती रक्कम तुटपुंजी ठरते. तिसरी, 70 वर्षांनंतर विम्याची मर्यादा कमी होते का? आणि आजार लपवू नका. मधुमेह लिहिला नाही म्हणून दावा फेटाळला गेला, तर हप्ता वाचवण्याची किंमत लाखांत पडते.

फोन कुठे लावायचा

अमेरिका आणि कॅनडा 911. इंग्लंड 999. ऑस्ट्रेलिया 000. न्यूझीलंड 111. युरोपातले बहुतेक देश 112. संयुक्त अरब अमिरातीत ॲम्ब्युलन्ससाठी 998. सिंगापूरला 995. इंग्लंडमध्ये तातडीचे नसेल पण सल्ला हवा असेल तर 111.

आकडा पाठ असून भागत नाही, बोलता आले पाहिजे. पहिले वाक्य पत्त्याचे, कारण फोन तुटला तरी गाडी निघते. दुसरे वाक्य काय झाले त्याचे: चेस्ट पेन, स्ट्रोक, नॉट ब्रीदिंग. इंग्रजी अडले तर "मराठी" किंवा "हिंदी" एवढा शब्द म्हणा, दुभाषी जोडून देण्याची सोय बऱ्याच ठिकाणी असते. पोहोचल्या दिवशी तिथले सिमकार्ड घ्या. "मुलाला उगाच त्रास नको, संध्याकाळी येईल तेव्हा सांगू," हा आपल्या आयाबायांचा स्वभाव इथे घातक आहे. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोबडे बोलणे ही पक्षाघाताची लक्षणे आहेत. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते. संध्याकाळपर्यंत ती वेळ निघून गेलेली असते.

रुग्णालयात गेल्यावर

अमेरिकेत 1986 च्या कायद्याने जवळपास सर्वच रुग्णालयांच्या अपघात विभागांना, पैसे असोत नसोत, रुग्णाला तपासून त्याची प्रकृती स्थिर करावी लागते. त्यामुळे खर्चाच्या भीतीने घरी थांबू नका. बिल नंतर येते, ॲम्ब्युलन्सचे वेगळे येते. आले की घाईने भरू नका. तपशीलवार बिल मागा आणि 'फायनान्शियल असिस्टन्स'चा अर्ज मागा. ना-नफा रुग्णालयांना अशी सवलतीची योजना ठेवावीच लागते.

दुभाषी मागण्यात कमीपणा नाही. सरकारी पैसा घेणाऱ्या अमेरिकी रुग्णालयांना तो मोफत द्यावा लागतो. नातवंडांना दुभाषी करू नका. लघवीच्या, पाळीच्या, मनाच्या तक्रारी आजी नातवासमोर सांगत नाही आणि दुखणे तसेच राहते.

तिथे रुग्णाच्या परवानगीशिवाय माहिती देताना डॉक्टर हात आखडता घेतात. म्हणून "माझी माहिती मुलीला आणि जावयाला द्या" हे शुद्धीवर असतानाच सांगून ठेवा. आपण बोलू शकलो नाही तर निर्णय कुणी घ्यायचा, याचा कागद अमेरिकेत प्रत्येक राज्यात करता येतो. तो करून ठेवा.

शेवटी एक अवघड बोलणे

व्हेंटिलेटर किती दिवस, तिथेच काही झाले तर देह गावी आणायचा की अस्थी, हे बोलायला कुणालाच आवडत नाही. पण आईवडिलांनी सांगितलेले नसते तेव्हा दोन देशांत विखुरलेली भावंडे फोनवर भांडतात, हे आम्ही पाहिले आहे. देह आणायचा तर मृत्यूचा दाखला, देह सुरक्षित केल्याचे प्रमाणपत्र, रद्द केलेला पासपोर्ट आणि भारतीय दूतावासाचे ना-हरकत पत्र लागते. खूपच अडचणीत सापडलेल्यांना दूतावासाच्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून मदत मिळू शकते.

निघण्यापूर्वीच्या एखाद्या रविवारी मुलांशी व्हिडिओ कॉल लावा आणि हे सगळे एकदा बोलून घ्या. तो एका पानाचा कागद त्याच दिवशी लिहा. इंग्रजी अडत असेल तर आमच्या शिबिरात औषधांची पाकिटे घेऊन या, आपण बसून लिहू. त्या शिक्षिका मावशी यंदा पुन्हा मुलीकडे गेल्या. या वेळी पेन घेऊन गेल्या, आणि फ्रिजच्या दारावर कागद नातीनेच चिकटवला.