राख आहे, भेसळ नाही

‘पीपीसी सिमेंटच्या गोणीत राख असते, म्हणजे भेसळच की!’ नाशिक रोडच्या एका वाचकाचा हा टोमणा. ही राख औष्णिक वीजकेंद्रातली, त्यामुळे एकलहऱ्याच्या केंद्राशेजारी राहणाऱ्यांचा तिच्यावर राग असणारच. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर तीच येऊन बसते. पण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तिला एकदा पाहाच.

चुलीतल्या राखेशी हिचं नातं नावापुरतं. कोळशातली माती भट्टीच्या ज्वाळेत वितळते, थेंब उडता उडताच गोल होतात आणि झटकन गार होऊन त्यांची काच बनते. पडद्यावर दिसतात त्या गुळगुळीत गोळ्या, बहुतेक केसाच्या जाडीहून बारीक. काही पोकळ. एखादी फुटलेली सापडली, तर आत आणखी बारीक गोळ्या ठासून भरलेल्या, सटाण्याचं डाळिंब फोडावं तशा!

सिमेंट पाण्याशी संयोग पावताना बळ देणाऱ्या संयुगाबरोबर चुनाही सुटतो. त्याचा बळासाठी फारसा उपयोग नसतो. राखेतली काच हाच चुना सावकाश खाते आणि त्याचं पुन्हा बळ देणारं संयुग करते. काँक्रीटचा तुकडा रेझिनमध्ये बसवून, घासून, परतणाऱ्या इलेक्ट्रॉनांनी चित्र घेतलं की हे उघड दिसतं: न भिजलेलं सिमेंट सर्वांत उजळ, चुना जरा मंद, संयुग करडं, छिद्रं काळी. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात 1980च्या दशकात कॅरन स्क्रिव्हनर यांनी सिमेंटचा असा अभ्यास केला. 28 दिवसांच्या तुकड्यात बऱ्याच गोळ्या जशाच्या तशा असतात. कडा कुरतडल्या जातात त्या पुढच्या काही महिन्यांत.

अशा चित्रांनी भुलूही नये. छिद्रांत सुयांसारखे स्फटिक दिसले की ‘काँक्रीट सडलं’ म्हणणारे निघतातच. जुन्या, धडधाकट काँक्रीटमध्येही ते असतात. एका चित्रात मावतो मिलिमीटरभराहून लहान तुकडा. त्यावरून अख्ख्या इमारतीचा निवाडा करणं धाडसाचंच.

राखेवर भरवसा ठेवल्याचं उदाहरण हवं, तर घाटघरचं धरण पाहा: रोलरने दाबलेल्या काँक्रीटचं, भारतातलं अशा प्रकारचं पहिलं. त्यात राखेचं प्रमाण सिमेंटपेक्षाही जास्त आहे.

तेव्हा भेसळीची काळजी सोडा, पाण्याची करा. राख सावकाश काम करते, म्हणून पीपीसीचा स्लॅब टाकलात तर आठवड्यातच पाणी मारणं थांबवू नका. आयएस 456 या मानकानुसार किमान 10 दिवस तो ओला राहिलाच पाहिजे आणि कोरड्या, कडक उन्हाळ्यात 14 दिवसांची शिफारस आहे.