कलाल बांगडीचा पल्ला

शाळेची सहल मुरुडला गेली की राजापुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीने जंजिऱ्यावर जाणे आणि तिथे कलाल बांगडी तोफेपाशी थांबणे ओघानेच येते. किल्ला दाखवणारा माणूस सांगतो, ‘हिचा गोळा बारा किलोमीटर जायचा.’ मुले समुद्राकडे बघतात आणि मान डोलावतात. एखादा अकरावीचा विद्यार्थी मात्र मनातल्या मनात गणित मांडतो. त्याचे उत्तर काय येते, ते आधी पाहू.

फेकलेल्या वस्तूचा जास्तीत जास्त पल्ला म्हणजे वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वत्वरण, हे सूत्र पुस्तकात आहे. आतून गुळगुळीत नळी असलेल्या जुन्या तोफांतून गोळा साधारणपणे सेकंदाला ४०० ते ५०० मीटर वेगाने सुटत असे. आपण ४५० धरू. ४५० चा वर्ग २,०२,५००, त्याला ९.८ ने भागले की २० किलोमीटरांहून जास्त अंतर येते. म्हणजे बारा किलोमीटर सांगणारा माणूस उलट संकोचच करत होता, असे म्हणावे लागेल!

विद्यार्थ्याचे गणित बरोबर आहे. चूक आहे ती एका गृहीतकात. हे सूत्र लिहिताना आपण ‘हवेचा रोध नगण्य मानू’ असे म्हणतो आणि पुढे जातो. हातातून फेकलेल्या दगडाच्या बाबतीत ते चालते. तोफेच्या गोळ्याच्या बाबतीत चालते का?

समजा, १५ सेंटिमीटर व्यासाचा ओतीव लोखंडाचा गोळा आहे. त्याचे वस्तुमान सुमारे १२.७ किलोग्रॅम भरेल, म्हणजे पृथ्वी त्याला जवळजवळ १२५ न्यूटन बलाने खाली ओढेल. हवेचा रोध काढण्यासाठी हवेच्या घनतेचा निम्मा, गोळ्याच्या समोरच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ, वेगाचा वर्ग आणि आकारावर अवलंबून असणारा एक गुणांक यांचा गुणाकार करायचा. ध्वनीपेक्षा जास्त वेगाने जाणाऱ्या गोल वस्तूसाठी हा गुणांक सुमारे ०.९ असतो. उत्तर येते १,९०० न्यूटनच्या आसपास. म्हणजे हवा गोळ्याला त्याच्या वजनाच्या पंधरा पट बलाने मागे रेटते. आपण गुरुत्वाकर्षण हिशेबात धरले आणि त्याच्या पंधरा पट मोठे बल नगण्य म्हणून सोडून दिले.

ही गोष्ट पहिल्यांदा मोजून दाखवली ती बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने. १७४२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात यासाठी एक साधे उपकरण वर्णिले आहे. लाकडाचा जड ठोकळा लंबकासारखा टांगायचा आणि त्यात बंदुकीची गोळी मारायची. गोळी आत रुतून बसते आणि ठोकळा झोका घेतो. झोका किती गेला त्यावरून संवेग अक्षय्यतेच्या नियमाने गोळीचा वेग निघतो. मग तोच प्रयोग लंबक दूर नेऊन करायचा. दोन ठिकाणच्या वेगांतला फरक म्हणजे मधल्या हवेने खाल्लेला वेग. तोवर तोफखान्याची पुस्तके गोळ्याचा मार्ग अन्वस्त मानून चालत; रॉबिन्सच्या मोजणीने ते मोडीत निघाले. ऑयलरसारख्या थोर गणितज्ञाने त्याच्या ग्रंथाचे जर्मन भाषांतर केले. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या किल्ल्यांची दुरुस्ती करण्यासाठी मद्रासकडे आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला.

आता आपल्या गोळ्याकडे परत येऊ. नळीतून सुटल्यावर चारशे मीटरही जायच्या आत त्याचा वेग ध्वनीच्या वेगाइतका, म्हणजे सेकंदाला ३४० मीटरवर येतो. पुढे रोध कमी होत जातो, तरी एकूण पल्ला साडेतीन-चार किलोमीटरांपलीकडे जात नाही; आणि तोही तोफ पुरेशी तिरपी करता आली तर. गोळ्याचा व्यास दुप्पट केला तरी बारा किलोमीटर हाती लागत नाहीत.

यात तोफेचा कमीपणा नाही. जंजिऱ्याच्या तोफांना बारा किलोमीटरांवर मारायचे होतेच कुणाला? १६८२ साली संभाजी महाराजांनी किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत समुद्रात भराव घालण्याचा प्रयत्न केला, इतका किनारा जवळ आहे. लढाई व्हायची ती या चिंचोळ्या पाण्यात, जवळ येणाऱ्या लाकडी गलबतांशी. दोन-अडीच किलोमीटरांपलीकडे हलत्या गलबतावर नेम धरणे हे कोणत्याही गोलंदाजाच्या हातातले काम नव्हते.

मग हवेवर मात करायची कशी? एक मार्ग म्हणजे गोळा मोठा करणे. व्यास दुप्पट केला की हवेला भिडणारे क्षेत्रफळ चौपट होते, पण वस्तुमान आठपट होते. अजस्र तोफांच्या गोळ्यांना याचा फायदा मिळे. दुसरा मार्ग अधिक हुशारीचा आहे. वस्तू जाड न करता लांब करायची आणि तिचे टोक निमुळते करायचे.

या दुसऱ्या मार्गाचे टोक पाहायचे तर अमेरिकेतल्या शिकारी रायफलीकडे वळावे लागते. तिकडच्या डोंगराळ भागात एल्क नावाचे मोठे हरीण असते. ते आपल्या सांबराच्याच कुळातले, पण त्याहून थोराड. उघड्या उतारावर ते चार-पाचशे मीटरांवरून दिसते. त्याच्यासाठी हौशी शिकारी खास बंदूक बनवून घेतात आणि तिचे काडतूसही स्वतः आखतात. कारखान्यात तयार झालेली पितळी पुंगळी घ्यायची, तिचा गळा दाबून बारीक करायचा किंवा खांदा पुढे सरकवायचा. यामुळे भरपूर दारूच्या पुढे बारीक, लांब गोळी बसते. अशा, कोणत्याही कारखान्याच्या यादीत नसलेल्या काडतुसाला ते ‘वाइल्डकॅट’, म्हणजे रानमांजर म्हणतात. काही रानमांजरे पुढे माणसाळतातही. १९०६ सालच्या प्रसिद्ध ‘थर्टी-ऑट-सिक्स’ काडतुसाचा गळा आवळून केलेले एक रूप कित्येक वर्षे हौशी लोकांच्या हातात होते. १९६९ मध्ये रेमिंग्टन कंपनीने ते आपल्या यादीत घेतले.

मूळ ‘थर्टी-ऑट-सिक्स’मधल्या एका गोळीचे आकडे पाहा. व्यास ७.८ मिलिमीटर, वस्तुमान ११.७ ग्रॅम. समोरच्या दर चौरस सेंटिमीटरमागे २४ ग्रॅम. याच व्यासाची शिशाची गोल गोळी घेतली तर सहाच ग्रॅम येतात. शिवाय निमुळत्या टोकामुळे रोधाचा गुणांक ०.९ वरून ०.३ च्या आसपास उतरतो. दोन्ही मिळून फायदा बारापट. आपल्या लोखंडी गोळ्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ७२ ग्रॅम मिळतात, पण गुणांक ०.९. वर्गात दोन्ही भागाकार करून घ्या : ७२ भागिले ०.९ आणि २४ भागिले ०.३. दोन्हींचे उत्तर ८०! बारा-साडेबारा किलोचा गोळा हवेला जितका दाद देत नाही, तितकीच बारा ग्रॅमची ही गोळीही देत नाही.

लांब गोळीची अडचण एकच. ती हवेत कोलांट्या खाते. म्हणून नळीच्या आत मळसूत्रासारखे आटे पाडतात. दर २५ सेंटिमीटरला एक फेरा असेल आणि गोळी सेकंदाला ८३० मीटर वेगाने सुटली तर ती सेकंदाला तीन हजारांहून जास्त गिरक्या घेते आणि भोवऱ्यासारखी आपली दिशा धरून ठेवते. गोळी जितकी लांब, तितके आटे जवळजवळ हवेत. रायफल घडवणाऱ्याचे निम्मे डोके यातच खर्च होते.

एवढे करूनही पाचशे मीटरांवर काय होते? गोळीला तिथे पोचायला ०.७३ सेकंद लागतो. तेवढ्यात ती सुमारे अडीच मीटर खाली येते. हे आधी काढता येते, म्हणून नळी तेवढी वर रोखतात. खरा घात करतो तो आडवा वारा, आणि त्याचा नियम मोठा गमतीचा आहे. वारा सेकंदाला ४ मीटर असेल तर ०.७३ सेकंदात गोळी जवळजवळ ३ मीटर ढकलली जाईल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ती अर्धा मीटरच सरकते. हवा नसती तर गोळीला ०.६० सेकंद लागला असता. हवेमुळे उशीर झाला ०.१३ सेकंदाचा, आणि वाऱ्याच्या वेगाने गुणायचे ते या उशिराला. हवेला चांगली कापणारी गोळी वाऱ्याने कमी हलते ती यामुळे. नुसती दारू वाढवून हे साधत नाही. नळी झिजते आणि खांद्याला धक्का बसतो तो वेगळाच. तरीही दरीच्या मध्यावर वाहणारा वारा बंदुकीपाशी उभ्या असलेल्याला मोजता येत नाही. अर्धा मीटर म्हणजे फुप्फुस आणि पोट यांतले अंतर. पोटात गोळी लागलेले जनावर पळते आणि कुठे तरी तडफडत मरते. इतक्या लांबून शिकार करण्याला माझा पहिला आक्षेप आहे तो हाच, आणि तो भौतिकशास्त्राचाच आहे.

आपल्याकडे अशा बंदुकीची गरज कधी पडलीच नाही. मुरुडला लागून असलेले फणसाडचे जंगल ही जंजिऱ्याच्या नवाबांची शिकारीची जागा. तिथल्या गच्च झाडीत पन्नास मीटरांवरचे सांबर दिसले तरी नशीब. अशा रानात जवळून मारणारी, जाड आणि जड गोळीच उपयोगी. भारतात बंदुकीच्या गोळीचे माप ठरवण्यात कायद्याचाही हात होता. लष्करी बंदुकीत चालेल अशी गोळी बंडखोरांच्या हाती पडू नये म्हणून इंग्रज सरकारने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शिकारी रायफलींत ०.४५० इंचाच्या मापाला बंदी घातली. लगेच विलायती कारागिरांनी ०.४६५ आणि ०.४७० इंचांची नवी मापे काढली!

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक निर्बंध घातले आणि १९८६ मध्ये फणसाड अभयारण्य झाले. सहल जंजिऱ्यावरून परतताना वेळ असेल तर मुलांना तिकडे जरूर न्यावे. पाऊण सेकंदात सांबर किती पावले टाकते, हे तिथे एखादे वेळी प्रत्यक्षही मोजता येईल.